पहिल्या दहा शांतता

काकू बोलल्या. चार माणसांनी एकेकट्याने, बंद खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून बटण दाबलं आणि चौघांच्याही पेन्सिलीच्या खुणा आलेखाच्या कागदावर एकाच उभ्या रेघेवर आल्या. म्हणजे जाऊन तीन महिने झालेली बाई बोलली, हे रुग्णालयाच्या छापील कागदावर सिद्ध झालं.

असं काहीही झालेलं नाही. त्या रविवारी आम्ही सगळे घरी होतो आणि आई पडदे धूत होती, असं आमचं ठरलंय. आईने नंतर खरोखरच पडदे धुतले. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, असं तिचं मत आहे.

तर मुद्दा काकांचा.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, काका खालच्या. काकू गेल्यावर तीन आठवड्यांनी काका जिना चढून वर आले आणि शिडी मागावी तशा सुरात मला म्हणाले, "तुझ्याकडे काकूचा आवाज आहे का रे?"

"म्हणजे?"

"मोबाइलमध्ये वगैरे. असेल तर दे. परत करतो."

मी शोधला. व्हिडिओ चाळीसएक निघाले. काकू एकाही व्हिडिओत बोलत नव्हत्या. एकात त्या हसतायत, एकात मला हाताने बाजूला व्हायला सांगतायत, एकात ताईच्या मुलीला वाढदिवसाचा केक भरवताना नुसते ओठ हलवतायत. फॅमिली ग्रुपवर त्यांनी पाठवलेले आवाजी मेसेज होते. सात सेकंदांचे, बारा सेकंदांचे, एक तर पूर्ण एकेचाळीस सेकंदांचा. सगळे कोरे. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की काकूंना फोन वापरता येत नाही.

"फोन उत्तम यायचा तिला," काका म्हणाले. "लाल दिवा लागला की ती गप्प बसायची. मीच लावलेली सवय आहे."

गल्लीतली पोरं काकांना शूकाका म्हणतात. आता ती पोरंही पोरांचे बाप झालीत, पण नाव तेच. त्यामागे काकांचं छंदी आयुष्य आहे. काकांना तीन गोष्टींचं वेड: टीव्हीवरच्या साहसी मालिका, साहसी सिनेमे आणि रॉक संगीत. व्हिडिओ रेकॉर्डर घेण्याची ऐपत नव्हती आणि टीव्हीला वायर जोडली तर संच जळेल असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं. म्हणून काका टीव्हीसमोर स्टूल ठेवायचे, स्टुलावर चौपदरी टॉवेल, टॉवेलवर टेपरेकॉर्डर. मालिका सुरू झाली की लाल बटण दाबायचे. चित्र गेलं तर गेलं, निदान आवाज राहील. अशा एकशे त्रेचाळीस कॅसेट आहेत. प्रत्येकीवर क्रमांक, तारीख, वार आणि भागाचा नंबर, सुवाच्य अक्षरात.

रेकॉर्डिंग चालू असताना घरात पंखा बंद, नळ बंद, कुकरची शिट्टी काढून ठेवलेली. बोलणं तर बंदच. कुणी तोंड उघडलं की काकांचं "शू!" इतकं जोरात यायचं की मालिकेतले लोकही दचकतील.

मग घरात खुणांची भाषा तयार झाली. नाकाला बोट म्हणजे दूध उतू जातंय. दोन मुठी एकमेकींवर आपटल्या की दारात कुणी आलंय. दहा बोटं हवेत हलवली की पाहुणे येणार आहेत. एकदा काकू टीव्हीसमोर येऊन दहाही बोटं फार जोरजोरात हलवायला लागल्या. काकांनी मान डोलावली. भाग संपल्यावर त्यांनी विचारलं, "कोण पाहुणे आले?" तोवर पाहुण्यांनी स्वयंपाकघराचा पडदा आणि निम्मी गादी जाळून टाकली होती. त्यानंतर आगीची खूण वेगळी ठरवण्यात आली. बोलायचं असं काही ठरलं नाही.

काकांची एक वही होती: 'आवडती: पहिली दहा'. दर जानेवारीत ते ती नव्याने लिहायचे. चौथ्या-पाचव्या क्रमांकांसाठी मारामारी चालायची, पण पहिला क्रमांक तीसहून जास्त वर्षं हलला नाही. तो फुग्याच्या मालिकेचा. एक टकला कप्तान, एक दगड गोळा करणारी बाई आणि एक आचारी असे तिघं गरम हवेच्या फुग्यातून घरी जायला निघतात आणि दर गुरुवारी भलतीकडेच उतरतात. बावन्न भागांची मालिका होती, एक्कावन्न दाखवले. ती माणसं अजून हवेतच आहेत, असं काका गंभीरपणे सांगतात. दुसरा क्रमांक एका सिनेमाचा. त्यात बोगदा खणणाऱ्यांना खडकाच्या पलीकडून कुणीतरी ठोकल्याचा आवाज येतो. तिसरा एका बँडच्या अकरा मिनिटांच्या गाण्याचा. त्या बँडचं खरं नाव काकूंना म्हणता यायचं नाही, म्हणून घरात त्याला 'किंचाळे' म्हणायचे.

लग्न ठरताना काकांनी काकूंना ही वही दाखवली होती. काकूंनी पूर्ण वाचली आणि विचारलं, "यात माझा नंबर कितवा?"

"तुमची वेगळी वही आहे," काका म्हणाले.

या उत्तरावर लग्न झालं. वेगळी वही काकूंना नंतर कधी सापडली नाही. काकांनाही नाही.

आता यातली गंमत अशी की काका नोकरीला आहेत रुग्णालयात, आणि काम करतात ऐकू येतं की नाही ते तपासण्याचं. कान-नाक-घसा विभागाच्या टोकाला कपाटाहून जराशी मोठी एक खोली आहे. भिंतींना राखाडी स्पंज, दार फ्रीजच्या दारासारखं जाड, मध्ये काचेची खिडकी. आत रुग्ण, बाहेर काका. रुग्णाच्या हातात बटण. बटण दाबलं की बाहेर काकांसमोर हिरवा दिवा लागतो आणि काका आलेखावर खूण करतात. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ते एकच वाक्य सांगतात. मला ते लहानपणापासून पाठ आहे: "आवाज आला की दाबा. बारीक आला तरी दाबा. नाही आला तर दाबू नका. आलाय असं वाटलं तर वाटू देऊ नका."

हे शेवटचं महत्त्वाचं. कारण काका अधूनमधून फसवी फेरी घेतात, म्हणजे आत आवाजच सोडत नाहीत. तरी निम्मी माणसं बटण दाबतात.

"खोटारडी असतात?" मी विचारलं होतं.

"नाही रे. नापास व्हायला कुणाला आवडतं?"

काकांचे स्वतःचे कान मात्र गेलेत. किंचाळ्यांनी खाल्ले. स्पीकरला कान लावून तीस वर्षं ऐकल्यावर बारीक, वरच्या पट्टीतलं काही त्यांना ऐकू येत नाही. दर जानेवारीत ते स्वतःची तपासणी करतात आणि आलेखाकडे बघून "घसरगुंडी" एवढंच म्हणतात.

तर, आवाज कुठेच मिळेना म्हणून काका कॅसेट ऐकायला बसले. पहिल्यापासून, क्रमाने. इतक्या वर्षांत काकू एकदा तरी चुकून बोलल्या असतील, एवढीच आशा. रोज संध्याकाळी कामावरून आले की खालून फुग्याचे बर्नर, बोगद्यातले घण आणि किंचाळे ऐकू यायचे. आणि मध्येच, पस्तीस वर्षांपूर्वीच्या काकांचं "शू!"

दोन महिन्यांनी मी खाली गेलो तेव्हा काका नवी वही लिहीत होते.

"सापडल्या का?"

"नाही. एकशे त्रेचाळीस कॅसेटमध्ये घरच्या माणसाचा एकच आवाज आहे. माझा."

"मग काय लिहिताय?"

"शांतता लिहितोय. बघ, मी शू म्हणतो म्हणजे ती काहीतरी म्हणणार असते. त्याच्यापुढे जी शांतता असते ती तिचीच. प्रत्येक वेगळी असते." त्यांनी चष्मा वर सरकवला. "पहिल्या दहा काढल्यात."

दहावी होती बोगद्याच्या सिनेमातली, कप न वाजवता बशीत ठेवल्याची. सातवी, ओल्या फरशीवरून अनवाणी पाऊल उचलल्याची. चौथी किंचाळ्यांच्या दोन गाण्यांमधली, हसू दाबल्याची. "हे कसं कळलं?" मी विचारलं, तर म्हणाले, "मी काय कामाला आहे?"

"आणि पहिली?"

काकांनी कॅसेट लावली. क्रमांक सत्तावन्न, फुग्याची मालिका, भाग एकतीस, एकवीस नोव्हेंबर एक्क्याण्णव, गुरुवार. एकोणिसावं मिनिट. फुगा ढगात शिरतो, वारा थांबतो, कप्तान काही बोलत नाही. मग "शू!" आणि मग एक श्वास. आत घेतलेला. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा. मग चार सेकंद काहीच नाही.

"श्वास खालच्या पट्टीतला आहे म्हणून मला येतो," काका म्हणाले. "पुढे काही असेल तर मला येणार नाही. तुला येतंय का?"

मी परत ऐकलं. टेपची खरखर होती. खरखरीच्या मागे, भिंतीपलीकडून आल्यासारखं, कुणीतरी बारीक आवाजात विचारत होतं, "सांगू का?"

"नाही," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. जिना चढताना मी सगळे दिवे लावत वर गेलो. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि बाहेर लख्ख उजेड होता.

काका तेव्हाच माझ्या तोंडाकडे बघून काय ते समजले होते. लोक ऐकू आलेलं कसं लपवतात, हे त्यांनी चौतीस वर्षं पाहिलंय. पुढच्या रविवारी त्यांनी तपासणी ठेवली. विभाग बंद असतो, शांत असतो. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, वर स्वतः येऊन बसल्या. ताई, म्हणजे काकांची मुलगी, सकाळच्या गाडीने आली. ती आल्या आल्या मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "हे काय चाललंय? तुम्ही दोघं बाबांना आवरत का नाही?"

"दोघं कोण?"

"तू आणि काकी."

"आईने डबा करून आणलाय," मी म्हणालो. "आवरणं कठीण आहे."

आम्ही चौघं एकेक करून आत गेलो. ताई, आई, डॉक्टरीणबाई, मी. कॅसेटचा दोन मिनिटांचा तुकडा, अठराव्या मिनिटापासून. काकांनी प्रत्येकाला तेच वाक्य सांगितलं. पोटच्या मुलीलासुद्धा "अहो बाई, आवाज आला की दाबा" असं म्हणाले, कामावरची सवय.

आत बसलं की दार बंद होतं आणि स्वतःच्या गिळण्याचा आवाज येतो. बर्नर. वारा. वारा थांबला. शू. श्वास. आणि मग ते दोन शब्द. मी बटण दाबलं.

चौघांच्या खुणा एकाच रेघेवर.

आई खुर्चीत बसून डब्याचं झाकण उघडत-लावत राहिली. "तुला काय ऐकू आलं?" मी विचारलं.

"तुला काय आलं?"

"आधी तू."

"मला काही नाही आलं, बटण चुकून दाबलं गेलं," आई म्हणाली आणि झाकण लावलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. "हे बघा," त्या काकांना म्हणाल्या, "तुम्ही काचेतून दिसता आम्हाला. ती जागा आली की तुम्ही मान वर करता. तेवढ्यावरून माणूस बटण दाबतो. शिवाय सगळ्यांना तुमच्याबद्दल वाईट वाटतंय. हे तुम्हीच नाही का शिकवत नवीन लोकांना?"

"बरोबर," काका म्हणाले. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. चूक सापडली की त्यांना बरंच वाटतं. "परत घेऊ."

दुसऱ्या फेरीत त्यांनी काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं. हिरवे दिवे आणि घड्याळ बघायला डॉक्टरीणबाईंच्या पाळीला मी, बाकी वेळ डॉक्टरीणबाई. काका कॅसेट लावून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

या वेळी हेडफोनमध्ये बर्नर नव्हता. वारा नव्हता, शू नव्हतं, श्वास नव्हता. नुसती खरखर. टेप अडकली असेल असं मला वाटलं. मी बटणावरून बोट काढून मांडीवर ठेवलं. आणि तेव्हा, अगदी डाव्या कानाशी, मागच्यापेक्षा एका शब्दाने जास्त: "सांगू का आता?"

बोट कधी परत बटणावर गेलं, मला कळलं नाही.

बाहेर आलो तर कागदावर चार खुणा होत्या. एकाच रेघेवर. पहिल्या कागदावर ठेवून उजेडात धरला तर आठही खुणा एकावर एक.

"आता काचही झाकलेली होती," ताई म्हणाली. "आता काय म्हणाल, मॅडम?"

काकांनी मशीनमधून कॅसेट काढून आम्हाला दाखवली. तिच्यावर क्रमांक नव्हता. लेबलच नव्हतं.

"कोरी आहे," काका म्हणाले. "फसवी फेरी. सकाळी दुकानातून आणली, सील फोडून."

आईचा डबा खाली पडला. कुणी उचलला नाही.

काका दोन्ही कागद बघत राहिले आणि मग, रक्तदाब जरा वाढलाय असं सांगावं तितक्या साध्या सुरात म्हणाले, "म्हणजे आवाज टेपवर नाहीये."

"मग कुठे आहे?" मी विचारलं.

काकांनी त्या स्पंजच्या खोलीकडे नुसतं बघितलं.

"बाबा, घरी चला," ताई म्हणाली. "मला भीती वाटतेय. खरंच चला."

"तुम्हाला सगळ्यांना ऐकू आली," काका म्हणाले. "डॉक्टरांनासुद्धा आली, त्यांची तर तिच्याशी ओळखही नव्हती. मला नको?"

मशीनवर एक बटण असतं, आवाज चढवायचं. काकांनी ते शेवटपर्यंत फिरवलं, कोरी कॅसेट परत घातली आणि मला म्हणाले, "मी मान हलवली की सुरू कर. दिव्याकडे बघ, माझ्याकडे बघू नकोस."

मी वर्तमानपत्र काढलं. ते आत जाऊन बसले. हेडफोन लावले, बटण हातात घेतलं, चष्मा काढून खिशात ठेवला. दार बंद झालं. मी टेप सुरू केली आणि अर्थातच त्यांच्याकडेच बघत राहिलो. ताई माझा दंड धरून उभी होती. आतलं बोलणं बाहेर यावं म्हणून भिंतीवर एक छोटा स्पीकर असतो. त्यातून काकांचा श्वास येत होता, संथ, जरासा घरघरता.

एक मिनिट गेलं. हिरवा दिवा बंद.

मग काकांचा श्वास थांबला. त्यांनी मान डावीकडे वळवली, अगदी थोडी, शेजारी बसलेल्या माणसाकडे वळवतो तेवढी. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की ताईने माझा दंड सोडला. त्यांना ऐकू येत होतं. घसरगुंडी वगैरे काही नाही, स्वच्छ ऐकू येत होतं. समोर मशीनचा लाल दिवा लागलेला होता. टेप फिरत होती. आणि कुणीतरी बोलायला सुरुवात केली होती.

स्पीकरमधून आवाज आला, "शू!"

तो आम्ही चौघांनीही ऐकला. हेडफोन न लावता.

काकांचं बोट ओठांवर होतं. ते तिथेच राहिलं. मग त्यांनी ते हळूहळू खाली घेतलं आणि त्याच्याकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. टेप पुढे चालत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ते डावीकडे बघत बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. हिरवा दिवा लागला नाही. एक बाजू पूर्ण संपून टेप खटकन थांबली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं.

"काही आलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "मी दाबलं नाही."

आम्ही चौघांनी नंतर पुन्हा एकेकदा बसून पाहिलं. तीच कोरी कॅसेट लावली, मग सत्तावन्न क्रमांकाचीसुद्धा. कुणालाही काही ऐकू आलं नाही. सत्तावन्नमध्ये बर्नर आहे, वारा आहे, शू आहे. श्वाससुद्धा आता नाही. काकांनी यादीत पहिल्या क्रमांकाची जागा रिकामी ठेवली आहे, दुसरीला वर घेतलेलं नाही.

घरी येताना रस्त्यात ठरलं की आज आपण कुठे गेलोच नव्हतो.

मंगळवारी मी खाली गेलो तेव्हा काका टेबलाशी बसून लिहीत होते. अर्ज तीन प्रतींत होता, मधे कार्बन. मी वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, त्यामुळे काही बोलायला जागा उरली नाही. त्यांनी तो पोचपावतीसह रजिस्टर्ड टपालाने पाठवला.

प्रति,
माननीय संचालक,
दूरचित्रवाणी केंद्र.

विषय: मालिकेचा भाग क्रमांक एकतीस पुन्हा दाखवण्याबाबत.

महोदय,

अर्जदार आपल्या केंद्राचा नियमित प्रेक्षक आहे. आपल्या केंद्रावरून वरील भाग गुरुवार, दिनांक २१ नोव्हेंबर १९९१ रोजी सायंकाळी साडेसात वाजता दाखवण्यात आला. त्या वेळी एकोणिसाव्या मिनिटाला अर्जदाराच्या घरी एका व्यक्तीचे बोलणे अर्जदाराच्या चुकीमुळे अपूर्ण राहिले. चूक पूर्णपणे अर्जदाराची असून केंद्राविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.

तरी सदर भाग गुरुवार, दिनांक २१ नोव्हेंबर १९९१ रोजी सायंकाळी साडेसात वाजता कृपया पुन्हा दाखवण्यात यावा. अर्जदार पूर्ण वेळ गप्प राहील, अशी लेखी हमी सोबत जोडली आहे. भाग उपलब्ध नसल्यास दुसरा कोणताही कार्यक्रम दाखवावा. तोही नसल्यास पडदा कोरा ठेवला तरी चालेल. फक्त तारीख आणि वेळ तीच असावी, ही नम्र विनंती.